ओवाळणीला नाव ठेवत नसतात

आनंदवाडी, ता. परतूर
२० नोव्हेंबर २०२३

चि. भागवत,

आता तू आमदार, तेव्हा वर 'माननीय' लिहावं का, असं मी आकांक्षाला विचारलं. ती म्हणाली, "आई, ज्याचा शेंबूड तू पुसलास त्याला कुठं माननीय लिहितेस?" मला पटलं. म्हणून नुसताच भागवत, आणि भरपूर आशीर्वाद.

भाऊबिजेला परतूरच्या मोंढ्यात तू एवढा मांडव घातलास, तालुक्यातल्या कमी ऐकू येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या गोळा केल्यास आणि सगळ्यांच्या आधी आपल्या सख्ख्या बहिणीच्या कानात यंत्र घातलंस. मी तबक घेऊन उभी आणि तू माईकवर सांगतोस, "या साऱ्या माझ्या बहिणी आणि ही माझी ओवाळणी." शेजारी दैवशाला डोळ्याला पदर लावून बसली होती. तिला पाठचा भाऊ नाही. घरी येऊन तिनं यंत्राचा डबा देवापुढं ठेवला. डब्यावर तुझा हात जोडलेला फोटो आहे, त्यामुळे देवांना जरा सरकावं लागलं.

फोन का करत नाहीस म्हणशील. फोन तुझा पीए राजानंद उचलतो, आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' यापलीकडे तो काही बोलत नाही हे मला न ऐकताही कळतं. आणि कापसाच्या जिनिंगमध्ये इतकी वर्षं उभी राहिले, त्या मशिनींनी कान कधीच अर्धे नेलेत. मोबाइलवर लिहायचं तर आकांक्षा मध्ये लागते. माझं बोलणं माझ्या हातानं झालेलं बरं.

खरं सांगू का, टीव्ही ऐकायला मला यंत्र नको होतं. आकांक्षाच्या बाबांच्या अंगावरून वैशाखात वारं गेलं तेव्हापासून त्यांचा आवाज पार बारीक झालाय. इतरांचं मी ओठ बघून भागवते. यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठांवरून काही लागत नाही. ते बाजेवरून हाक मारतात आणि मी आपली चुलीपुढं. आता ऐकू येईल. जन्मभर 'अगं ए' म्हणून हाक मारली या माणसानं, तीसुद्धा आता गोड लागेल.

यंत्र जरा शिट्टी मारतं. नवी सून पहिले काही दिवस भांडी आपटते, तसंच असेल. होईल सवय.

तुझी
द्वारकाअक्का


आमदार निवास, नागपूर
१६ डिसेंबर २०२३

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र राजानंदला वाचून दाखवलं. दोन दिवस तो तोंड पाडून फिरतोय, पण फोन मात्र नम्रपणे उचलायला लागलाय.

अक्का, तुला ऐकू येतंय हे वाचून जेवढं बरं वाटलं तेवढं निवडून आलो तेव्हाही वाटलं नव्हतं. माझा पहिल्यापासून हाच मुद्दा आहे. चांगली यंत्रं शहरात मिळतात आणि आपल्याकडे त्यांच्या फक्त जाहिराती येतात. आनंदवाडीच्या बाईच्या कानाला मुंबईच्या बाईच्या कानाइतकाच हक्क आहे. जालन्याच्या राधेश्यामशेठनं ही यंत्रं ना नफा ना तोटा तत्त्वावर दिली. प्रचारापासून आपला माणूस आहे.

परवा सभागृहात फवारणीच्या पंपांवर बोललो. टाक्या फुटून बाया भाजल्या, त्याचं काय, असं विचारलं. मंत्र्यांचं उत्तर आलं, 'अशी कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही.' मी म्हणालो, "मंत्रिमहोदय, तक्रार प्राप्त नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. माणूस तुमच्यापर्यंत पोचला नाही, एवढाच होतो. ज्यानं वस्तू हातात दिली, त्यानं उत्तर द्यायला दारात गेलं पाहिजे." बाकं वाजली. पेपरात चौकट आली, कात्रण सोबत पाठवतोय. दाजींना वाचून दाखव.

मी नुसतं बोलत नाही हेही दाखवणार आहे. पुढच्या महिन्यात गावोगावी मुली पाठवतोय. मोबाइल घेऊन प्रत्येक बहिणीला विचारतील, यंत्र कसं चालतं. बोललेलं जागच्या जागी नोंदलं जाईल. आणि तुझं पत्र मी कुठे वाचून दाखवलं तर चालेल ना?

तुझा
भागवत


आनंदवाडी
११ फेब्रुवारी २०२४

चि. भागवत,

कात्रण मिळालं. यांना वाचून दाखवलं. यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. तुझं भाषण ऐकून आधीही ते असंच करायचे, तेव्हा मनावर घेऊ नकोस.

तू पाठवलेली मुलगी येऊन गेली. वर्षाराणी नाव, बदनापूरची, गुणी आहे. मोठ्यानं बोलत होती, ओठही नीट दिसत होते. आम्हा बायांना पारावर बसवून विचारायला लागली, "यंत्र चांगलं आहे, बरं आहे की खराब आहे?" दैवशालानं तिला जागीच गप्प केलं. म्हणाली, "काय इचारून राह्यली गं पोरी? भावाच्या ओवाळणीला कुणी नाव ठेवत असतं का? लिही, बिलकुल चांगलं हाय." मग जयवंताबाईनंही तेच लिहायला लावलं, नंदाबाईनंही. मीही तेच सांगितलं. पोरीचं काम जल्दी उरकलं, चहा पिऊन गेली.

जयवंताबाईनं तर यंत्राला हळदीकुंकू वाहून ट्रंकेत ठेवलंय. वापरून खराब कशाला करायचं म्हणते. तू गावात येणार असलास तर घालेल.

मी मात्र सकाळी लावते ते निजतानाच काढते. यांनी हाक मारली आणि नेमकं यंत्र काढलेलं असलं तर? दिवेलागणीला डोकं धरतं थोडं. पित्त असेल.

माझं पत्र खुशाल वाच. शेंबडाचं तेवढं गाळ.

अक्का


मुंबई
९ जुलै २०२४

ती. अक्का,

आज तुला कळवताना छाती फुगली आहे, हे कबूल करतो. विधेयक मांडलं. सरकारचं नाही, माझं स्वतःचं. खेड्यातल्या माणसानं विकत घेतलेल्या यंत्राची माहिती त्याच्या भाषेत असली पाहिजे, दुरुस्तीची सोय तालुक्यात असली पाहिजे आणि बिघडलं तर विकणाऱ्यानं ठरल्या मुदतीत उत्तर दिलं पाहिजे, असं त्यात आहे. अशा विधेयकांचं पुढं काय होतं हे मला ठाऊक आहे. बहुतेक पडून राहतात. तरी मांडलं.

समोरच्या बाकावरून एकानं टोमणा मारला, "तुम्हीच वाटलेल्या यंत्रांचं काय?" मी वाटच बघत होतो. वर्षाराणी आणि तिच्या मैत्रिणींनी आणलेला अहवाल वर धरला. सांगितलं, "अध्यक्ष महोदय, घरोघर जाऊन विचारलंय. एकही तक्रार नाही. एकही." मग तुझं पत्र वाचलं. चुलीपुढं बसलेल्या बाईला नवऱ्याची हाक ऐकू येते, एवढं वाचलं आणि गॅलरीत बसलेल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

तू ते टीव्हीवर बघितलंस का? दाजी कसे आहेत?

तुझा
भागवत


जालना
१४ सप्टेंबर २०२४

मामा,

हे पत्र आई झोपली असताना लिहिते आहे, कारण तिनं मला शपथ घातली आहे आणि मी ती मोडते आहे.

आईला ऐकू येत नाही. गेल्या दिवाळीला जेवढं येत होतं तेवढंही नाही. ती तुम्हाला सगळं छान असल्यासारखं लिहीत राहिली. तुम्ही ते सभागृहात वाचलंत तेव्हा ती टीव्हीपुढं बसली होती आणि तिला त्यातला शब्द कळला नाही. तुमचा हात वर गेलेला बघून हसली फक्त.

काल तिला इथं कानाच्या डॉक्टरबाईंकडं आणलं. त्यांनी यंत्र उघडून बघितलं. म्हणाल्या, हे कानाचं यंत्रच नाही. आवाज मोठा करायचं खेळणं आहे, सगळाच आवाज मोठा करतं, कुकरची शिट्टीसुद्धा. ते कान न तपासता कुणाला द्यायचं नसतं, आणि दिवसभर तर लावायचंच नसतं. यानंच गेलं असं छातीठोक सांगता येणार नाही म्हणाल्या, पण उरलंसुरलं राखता आलं असतं. आईला कान दुखत होते, रक्तही येऊन गेलं होतं एकदा. मी ओरडले, सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "भागवतनं दिलेली ओवाळणी हाय ती. तिला नाव ठिवू का?"

मी राधेश्यामशेठच्या दुकानात गेले. पावती मागतात. मग ग्राहकांच्या तक्रारी घेतात तिथं गेले. तिथले काका चांगले होते, पण म्हणाले, ज्यानं पैसे मोजले नाहीत तो कायद्यानं ग्राहक नाही. आणि वर म्हणाले, "ताई, धर्माची गाय, अन् दात का न्हाय असं कुठं विचारतात का?" परत येऊन तुमचं विधेयक मोबाइलवर वाचलं. तुम्हीही 'विकत घेतलेली वस्तू' असंच लिहिलंय. म्हणजे तुमच्या कायद्यात तुमचीच ओवाळणी बसत नाही.

एक गोष्ट राहिली. बाबा आता आईला नावानं हाक मारतात. 'अगं ए' नाही. जन्मात कधी मारली नव्हती. आई भाकरी थापत असते आणि ते बाजेवरून नाव घेत असतात. हे मी आईला सांगितलेलं नाही. ऐकायला ज्या यंत्राची वाट बघितली त्या यंत्रापायीच ती हाक गेली, हे माझ्या तोंडून निघत नाही. यंत्र तुम्ही दिलंत, हेही तुम्हीच सांगा. लवकर सांगा.

आकांक्षा


आनंदवाडी
२७ नोव्हेंबर २०२४

चि. भागवत,

निवडून आलास, अभिनंदन. गुलाल उधळत गाड्या गावातून गेल्या तेव्हा मी ओट्यावर होते. यंदा बँडचा आवाज अजिबात आला नाही, पण जमीन हलत होती त्यावरून कळलं.

यंदा भाऊबिजेला तू आला नाहीस. आचारसंहिता आहे असं राजानंद सांगून गेला. ओवाळायला आचारसंहिता लागते हे मला नव्यानं कळलं. रिकाम्या पाटाला ओवाळून तबक देवापुढं ठेवलं.

आकांक्षानं तुला लिहिलं हे मला नंतर समजलं. तिला खूप बोलले. निवडणूक तोंडावर आणि ही पोरगी मामाला असलं लिहिते. तुझं उत्तर आलं नाही, तेही मी समजून घेतलं. म्हणून तर परतूरच्या सभेला मीच मुद्दाम आले, पुढच्या रांगेत बसले, यंत्र कानात घालून. तू काय बोलत होतास ते कळत नव्हतं. शेजारच्या टाळ्या वाजवायच्या तेव्हा मीही वाजवायची. तू माझ्याकडे बोट केलंस तेव्हा मान डोलावली. बरोबर केलं ना मी? तू खाली बघितलंस म्हणून विचारते.

आता निवडणूक झाली. आता बोललास तरी चालेल.

अक्का


आमदार निवास, नागपूर
१८ डिसेंबर २०२४

ती. अक्का,

आकांक्षाचं पत्र मला सप्टेंबरातच मिळालं. वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. राजानंदला दाखवलं नाही, घरात दाखवलं नाही. निवडणूक होऊ दे, मग बघू, असं स्वतःला सांगितलं. मग सभेत तू पुढच्या रांगेत बसलेली दिसलीस, ते मेलेलं यंत्र कानात घालून. मी बोट केलं आणि तू मान डोलावलीस. त्या क्षणाला मला भाषण सोडून खाली उतरायला हवं होतं. मी पुढचं वाक्य बोललो. टाळ्या पडल्या.

तुला आठवतं का, पंपांवर बोलताना मंत्र्यांना मी काय म्हणालो होतो? कात्रण तुझ्याकडे असेल. तक्रार आली नाही म्हणजे दोष नाही असं होत नाही. आणि सात महिन्यांत मी स्वतः त्याच सभागृहात उभा राहून म्हणालो, एकही तक्रार नाही. मला कुणी अडवलं नाही. कुणाला आठवतही नव्हतं. लोकांना उत्तर द्या म्हणून दुसऱ्याच्या नावानं ओरडताना माझ्या घशाला कधी कोरड पडली नाही. स्वतःवर आल्यावर मात्र तीन महिने पत्र खिशात.

राधेश्यामशेठला बोलावलं होतं. म्हणाला, "साहेब, तुम्हीच बोलले ना, बजेटात बसवा. मंग बसवलं." मी एकही यंत्र स्वतःच्या कानात घालून बघितलं नव्हतं.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना तुझे कागद दाखवले. आता चांगलं यंत्रही फारसं कामाचं नाही म्हणतात. तरी घेतो आहे, नाही म्हणू नकोस. बाकीच्यांची यंत्रं राजानंद परत गोळा करेल आणि कान तपासून नवीन देऊ.

आकांक्षाच्या पत्रात आणखी एक गोष्ट होती. ती समोर बसून सांगेन. पत्रात जमत नाही.

तुझा
भागवत


आनंदवाडी
२० जानेवारी २०२५

चि. भागवत,

नवीन यंत्र पोचलं. लावून बघितलं. झाकलेल्या भांड्यात मुंगी फिरावी एवढंच येतं. तरी तू पाठवलंस म्हणून छान आहे, असं लिहिणार होते. आता नाही लिहीत. काही येत नाही भागवत. परत पाठवते.

मला राग आला होता. अजून आहे. तू फसवलंस म्हणून नाही, फसलास हे मला समजतं. पण पत्र खिशात ठेवून माझ्यापुढं हात जोडून उभा राहिलास, हे गिळवत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगू?

चूक माझीही आहे. मी खरं लिहिलं असतं तर दैवशालानं दिवसभर यंत्र लावलं नसतं. तिला वाटलं, आमदाराची बहीण लावते म्हणजे बराबर असणार. तिलाही एका कानानं आता पूर्वीपेक्षा कमी ऐकू येतं. नंदाबाईचं यंत्र तर दुसऱ्या आठवड्यातच बंद पडलं होतं. आपल्याच हातानं बिघडलं असं समजून ती वर्षभर गप्प बसली, तुझ्यापुढं कसं सांगावं म्हणून. आम्ही सगळ्या एकमेकींना चांगलं चांगलं सांगत राहिलो.

राजानंद जीप घेऊन आला होता. 'जुनं द्या, नवीन न्या' असं भोंग्यावर ओरडत होता म्हणे. एकीनंही दिलं नाही. जयवंताबाई त्याला म्हणाली, "ओवाळणी परत मागायला गडी येत असतो का? ज्यानं दिली त्याला येऊ दे." राजानंद रुसून गेला. पण तिचं बरोबर आहे. मांडवात माईकवर भाऊ म्हणवून घेतलंस ना, मग आता दारोदार जा. बसायला पाट देतील, चहा देतील, तो पी. खरं काय ते स्वतःच्या तोंडानं सांग आणि यंत्र मागून घे. वर्षाराणीला पाठवू नकोस, मोबाइल घेऊन जाऊ नकोस, फोटोवाला तर मुळीच नेऊ नकोस.

ती दुसरी गोष्ट कोणती? आकांक्षाला विचारलं तर ती 'मामाला विचार' म्हणते. यांच्याबद्दल आहे का? संक्रांतीपासून यांनी खाणं कमी केलंय. असेल ते लवकर सांग.

अक्का


जालना
१३ एप्रिल २०२५

ती. अक्का,

अधिवेशन संपल्यावर निघालो, ते परवा संपवलं. एकटा गेलो, फोटोवाला नव्हता. काही गावांत लोकांना वाटलं, निवडणूक पुन्हा लागली की काय.

तू म्हणाली होतीस तसंच झालं. पाट, चहा, आणि मग मी सांगायचं. प्रत्येक घरी वाटायचं, आता ही बाई शिव्या देईल. एकीनंही दिली नाही. कुणी ट्रंकेतून काढलं, कुणी देव्हाऱ्यातून, कुंकू लागलेलं, रुमालात गुंडाळलेलं. हातावर ठेवताना वर सुपारी ठेवायच्या. नंदाबाईनं दिलं आणि हात तसाच पुढं ठेवून विचारलं, "भाऊ, वापस काहून घेऊन राह्यले? माझ्याकून काही चुकलं का?" मी परत सगळं सांगितलं. तरी तिला ते पटलंय असं वाटत नाही. अक्का, शिव्या खाऊन मी घरी आलो असतो तर झोपलो असतो.

मार्चमध्ये विधेयक पुन्हा मांडलं. निवडणुकीत सभागृह बदललं, तेव्हा पहिलं आपोआप गेलंच होतं. या वेळी 'विकत घेतलेली' या शब्दांपुढं 'किंवा वाटलेली' एवढं घातलं. वाटणारा आमदार असला तरी त्यानं उत्तर द्यायचं. एकही तक्रार नाही असं मी गेल्या वर्षी म्हणालो होतो ते खोटं ठरलं, हेही उभं राहून सांगितलं. संध्याकाळची वेळ, बाकं रिकामी होती. ज्यांचं टिपून घ्यायचं काम त्यांनी टिपून घेतलं. बाहेर आल्यावर पक्षातल्या एकानं विचारलं, "आपल्या सगळ्यांच्याच पायावर कशाला धोंडा मारून घेतोस?" ते चर्चेला येईल असं मला वाटत नाही.

आता ती गोष्ट. तुझ्या घरी आलो तेव्हा तू दळण आणायला गेली होतीस. मी दाजींजवळ बसलो. ते माझ्याकडं बघत नव्हते, दाराकडं बघत होते. मग त्यांनी हाक मारली. आकांक्षानं सप्टेंबरातच लिहिलं होतं, पण स्वतःच्या कानानं ऐकेपर्यंत मला ते खरं वाटत नव्हतं.

दाजी तुला नावानं हाक मारतात, अक्का. 'अगं ए' नाही. पहिलं अक्षर घशातच राहतं, पुढचं हळू येतं आणि शेवटी आवाज थोडा वर जातो, लहान मूल अंगणातून घरात हाक मारतं तसा. मला वाटलं पाणी हवंय. विचारलं, "पाणी देऊ का दाजी?" त्यांनी नको म्हणून मान हलवली. थोडं थांबून पुन्हा तेच नाव. मी उशी सारखी केली, पंखा लावला. काही हवं नव्हतं त्यांना. नुसती हाक होती.

तू पीठ घेऊन आलीस, माझ्यापुढं बसलीस, 'काय सांगायचं होतं' म्हणून विचारलंस, आणि मला तुझ्या तोंडाकडं बघून सांगता आलं नाही. चहा प्यायलो आणि निघालो. म्हणून हे पत्र. मी तुला जे देणार होतो ते एवढंच उरलंय. तुला ऐकू येत नाही, तेव्हा जसं ऐकलं तसं लिहिलं.

भागवत


आनंदवाडी
१२ ऑक्टोबर २०२५

चि. भागवत,

यांना जाऊन आता तीन महिने होतील. दहाव्याला, तेराव्याला तू होतास, पण माणसांच्या गर्दीत बोलणं झालं नाही. आता दिवाळी आली म्हणून लिहायला बसले.

तुझं चैत्रातलं पत्र मिळालं त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. बाजेजवळ बसून राहिले. ओठांवरून काही लागेना, म्हणून त्यांच्या गळ्यावर हात ठेवला. यांनी हाक मारली की हाताला लागायची. मांजर मांडीवर बसून गुरगुरतं ना, तशी. शेवटी आवाज वर जातो म्हणालास, तिथं बोटाखाली थोडं थरथरायचं. मग मी रोज तेच केलं. भाकरी आकांक्षा करायची. ते हाक मारायचे, मी 'आले' म्हणायची, जवळच बसलेली असून. ते हसायचे, अर्ध्या तोंडानं. आषाढापर्यंत असं चाललं.

तेवढे दिवस मला मिळाले ते तुझ्या पत्रामुळं, हे मी विसरणार नाही. पण भागवत, तुला सप्टेंबरात कळलं होतं. मला चैत्रात सांगितलंस. मधला सगळा हिवाळा ते हाका मारत होते आणि मी पाठ करून चुलीपुढं बसले होते. त्यांना वाटलं असेल, हिला नाव आवडलं नाही. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुलाही कळणार नाही. आकांक्षालाही मी हेच सांगितलं, तेव्हा ती रात्रभर रडली.

तुझं विधेयक यंदाही पडूनच आहे असं ती म्हणते. पुढच्या वेळी परत मांड. पडू दे, परत मांड.

भाऊबिजेला ये. पाट मांडून ठेवते. पहिली दिवाळी दुखवट्याची आहे, लोक नावं ठेवतील, ठेवू दे. दैवशाला, जयवंताबाई, नंदाबाई, तिघीही ओवाळायला येणार आहेत, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. कुणासाठी काही आणू नकोस. साडी नको, डबा नको, फोटो तर नकोच. मोकळ्या हातानं ये.

आणि आलास की उजेडाच्या बाजूला, माझ्या पुढ्यात बस. हळू बोल आणि बोलताना खाली बघू नकोस. मला तुझे ओठ दिसले पाहिजेत.

तुझी
अक्का